न पाहिलेला पाठ

मी संशयी आहे. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. भाजीवालीनं वरवर ताजी वांगी ठेवून खाली किडकी लपवली असणार, आणि शेजारीण सकाळी सकाळी गोड बोलते आहे म्हणजे तिला आमची शिडी हवी असणार, असं मला आपोआप वाटतं. घरचे म्हणतात, तुझ्या मनातली पाल चुकचुकायची थांबतच नाही. खरं आहे त्यांचं. पण वर्ध्यातल्या बी.एड. कॉलेजात बावीस वर्षं सराव पाठ पाहिल्यावर कोणाच्याही मनात पालीनं बिऱ्हाड केलं असतं.

शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना आम्ही छात्राध्यापक म्हणतो. त्यांनी खऱ्या शाळेतल्या खऱ्या वर्गावर घेतलेला एक तास म्हणजे सराव पाठ. आदल्या दिवशी पाठाचं टाचण लिहून आणायचं, मी ते तपासायचं, मग त्यांनी शाळेत जाऊन शिकवायचं आणि मी शेवटच्या बाकावर बसून लाल पेननं शेरे लिहायचे. ठरलेले सगळे पाठ समाधानकारक झाले तरच त्यांचं नाव आंतरवासितेच्या यादीत जातं. म्हणजे मग ते एखाद्या शाळेत सलग काही आठवडे राहून शिक्षकासारखं काम करतात. यादीत नाव नाही, तर वर्ष गेलं.

या एका तासासाठी माणसं काय काय करतात, विचारू नका. एकानं जुन्या बॅचच्या कोणाचं तरी टाचण उतरवलं होतं आणि त्या कोणाचं तरी नावसुद्धा तसंच उतरवलं होतं. एकीच्या तक्त्यामागे दुसऱ्या कॉलेजचा शिक्का निघाला. आणि सगळ्यांत जुनी लबाडी म्हणजे आदल्या दिवशी गुपचूप वर्गात जायचं आणि तोच पाठ मुलांना शिकवून ठेवायचा. मग माझ्यासमोर प्रश्न विचारला की चाळीसच्या चाळीस हात वर. मी ते लगेच ओळखते. खऱ्या वर्गात चार हात वर होतात, दोन अर्ध्यावर अडतात आणि एक जण खिडकीबाहेर कुत्रं बघत असतो.

मागच्या वर्षीपासून आमच्याकडे जोड्या लावायचं सुरू झालं. दोघांनी एकमेकांच्या पाठाला बसायचं, निरीक्षणपत्र भरायचं, एकमेकांना सुधारायचं. कागदावर त्याचं नाव सहाध्यायी मार्गदर्शन, पण मुलं नुसतं ‘जोडी’ म्हणतात. जोड्या लावायचं काम माझ्याकडे होतं. एका गावचे, एका बसनं येणारे किंवा एका खोलीत राहणारे मी कधी एकत्र ठेवले नाहीत. मीटिंगमध्ये मी सांगितलं, यातून मुलांना वेगवेगळ्या लोकांची सवय होईल. खरं कारण असं की ओळख नसली म्हणजे झाकाझाकी होत नाही. एकमेकांवर नजर ठेवतील, असा माझा हिशेब होता.

म्हणूनच मी त्या दोघांची जोडी लावली. तो गिरडकडचा, वय बत्तीस. दहा वर्षं समुद्रपूरला बी-बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर होता. ते काम सोडून शिक्षक व्हायला आला होता. बायको अंगणवाडी सेविका. आदल्या वर्षी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे त्याचे पाठ पूर्ण झाले नव्हते आणि फाईलवर ‘तब्येतीचे कारण’ असं लिहिलेलं होतं. त्याची तब्येत बघता मला ते कारण अजिबात पटलं नाही. आमच्या नियमानं हे त्याचं दुसरं आणि शेवटचं वर्ष. या खेपेला यादीत नाव गेलं नाही, तर बी.एड.चा विषय संपला. ती आर्वीकडच्या जंगलातल्या गावची, तेवीस वर्षांची. घरी गोंडी बोलतात, वडील वनमजूर. वर्गात फार बोलायची नाही, पण बोलली की सरळ बोलायची. समोरच्याला ते आवडतं की नाही, याचा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसायचा नाही. ती त्याला भाऊ म्हणायची, तो तिला ताई.

मला वाटलं होतं, या दोघांचं जमणार नाही. पंधरा दिवसांत चांगलंच जमलं. माझी पाल तिथेच पहिल्यांदा चुकचुकली.

जानेवारीत नालवाडीकडच्या एका शाळेत आमचे पाठ होते. त्याचे दोन पाठ उरले होते, दोन्ही सातवी अ वर, भूगोलाचे. पहिला होता ‘मृदा’. तो दोन कापडी पिशव्या घेऊन आला. एकीत घरच्या वावरातली काळी माती, दुसरीत टेकडीवरची मुरमाड. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यानं दोन ढीग केले आणि तांब्यानं पाणी ओतलं. साधन चांगलं होतं, मी तसं लिहिलंही. पण त्याचा आवाज लागत नव्हता आणि हिवाळ्याच्या सकाळी त्याच्या शर्टाची पाठ भिजलेली होती. ‘काळ्या मातीत पाणी टिकतं का?’ असा प्रश्न त्यानं विचारला. झाडून सगळे हात वर. मी पेन उघडलं.

पुढच्या बाकावर दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी होती. त्यानं तिला विचारलं. ती उठली आणि म्हणाली, “उन्हाळ्यात पाणी उडून जाते, माती आकसते, म्हणून तिले भेगा पडतात सर.”

हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. टाचणातल्या पुढच्या प्रश्नाचं होतं. टाचण माझ्या मांडीवर होतं, मी बोट ठेवून पाहिलं. आणि गंमत म्हणजे तो गोंधळला नाही. उलट त्याचा चेहरा सुटला. “बरोबर,” म्हणाला आणि भेगांकडे वळला. पुढे आणखी दोनदा असंच झालं. प्रत्येक वेळी त्याच मुलीनं किंवा तिच्या शेजारणीनं पुढचं उत्तर आधीच दिलं. माझ्या बाजूला त्याची जोडी बसली होती. निरीक्षणपत्र भरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

पढवलेला वर्ग! मी मनात म्हटलं. पोरांना उत्तरं पाठ आहेत, फक्त क्रम चुकतो आहे. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. समाधानकारक असं लिहिलं, कारण पुरावा नव्हता. पण दुसऱ्या पाठाआधी दोघांना रंगेहाथ पकडायचं, हे मी ठरवून टाकलं.

दुसरा पाठ शुक्रवारी होता. गुरुवारी दुपारी मी कोणाला न सांगता स्कूटीनं शाळेत गेले. स्कूटी फाटकाबाहेरच लावली, म्हणजे आवाज नको. शेवटचा तास चालू होता. सातवी अ च्या खिडकीबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग असतो. त्याच्या बाजूला मी भिंतीला लागून उभी राहिले. पन्नाशीच्या बाईनं शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभं राहणं किती विचित्र दिसतं, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

आत तो होता. पाठाचं नाव ‘वारे’.

“तूर उफणताना तुमची आई कोणीकडे तोंड करून उभी राह्यते?” तो विचारत होता. पोरं एकदम बोलली, काही हसली. “वाऱ्याकडं तोंड केलं तर भुसा कोणाच्या डोळ्यात जाईल?” “सरांच्याऽऽ!” वर्ग खिदळला. तोही हसला. “मंग माह्या डोळ्यात भुसा गेल्यावर मले सांगा, वारा कोठून कुठं जाऊन राह्यला?” एक मुलगा म्हणाला, गरम जागेकडे. दुसरा म्हणाला, नाही, थंड जागेकडे. त्यांच्यात भांडण लागलं. त्यानं ते भांडण मिटवलं नाही, वाढू दिलं. मग दोघांनाही फळ्याजवळ बोलावलं आणि खडू दिला.

दहा मिनिटं मी ऐकलं आणि मला विजय झाल्यासारखं वाटलं. उद्याचा पाठ हा आजच घेऊन ठेवतो आहे. सापडला. माझ्या डोक्यात एवढंच होतं. बावीस वर्षांत ऐकलेल्या चांगल्या पाठांतला तो एक पाठ होता, आणि मला त्यात फक्त लबाडी ऐकू आली. हे आज लिहितानाही मला गिळता येत नाही.

शुक्रवारी सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. त्या माझ्या जुन्या ओळखीच्या. म्हटलं, आज याला सातवी अ नको, ब द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सहज. त्या म्हणाल्या, “तुमचं सहज मला माहीत आहे बाई.” पण दिला त्यांनी वर्ग.

तो अ च्या दारात पोचला होता, हातात सूप आणि गुंडाळलेला नकाशा. मी सांगितलं, वर्ग बदलला आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या जोडीकडे. ती म्हणाली, “मॅडम, काऊन?” मी म्हटलं, “शिक्षकाला कोणताही वर्ग शिकवता यायला हवा.” बोलायला वाक्य चांगलं होतं.

मी मागे बसले. ती माझ्या बाजूला. त्यानं फळ्यावर तारीख लिहिली, विषय लिहिला, ‘वारे’ लिहिलं. मग वळला. “वारा म्हणजे काय?” दोन हात वर झाले. त्यानं एकाला विचारलं. तो म्हणाला, “पंखा.” सगळे हसले. यात काही बिघडलं नव्हतं, कुठल्याही वर्गात असं होतं. पण तो माझ्याकडे बघत होता. मुलांकडे नाही, थेट माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातातल्या पेनकडे. त्यानं टाचण उचललं, परत ठेवलं. पुन्हा फळ्याकडे वळला आणि ‘वारे’च्या खाली परत ‘वारे’ लिहिलं.

मग तो बोललाच नाही.

वर्गात शिक्षक गप्प झाला की आधी मुलंही गप्प होतात. मग कुजबुजतात, मग एखादा मोठ्यानं काहीतरी बोलून पाहतो. ते सगळं झालं. सूप टेबलावर पालथं पडलं होतं. कोणीतरी मागून “सर, झोपले काय?” म्हटलं. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. माझ्या बाजूला बसलेली त्याची जोडी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, थांबवा ना.”

मी म्हटलं, “बसा.”

मला थांबवता आलं असतं. मी उठून ‘चला मुलांनो’ म्हटलं असतं, तर एका वाक्यात सुटका होती. मी उठले नाही. मला वाटत होतं, बघा, पढवलेला वर्ग काढून घेतला तर आत काही नाही. अकरा मिनिटं मी बत्तीस वर्षांच्या माणसाला चाळीस मुलांसमोर तसं उभं ठेवलं. घंटा झाल्यावर तो कोणाकडे न बघता बाहेर गेला. मी कागदावर ‘असमाधानकारक’ लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते, तर दोन वेण्यांची ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. मागे तिची शेजारीण, पण ती जरा लांब.

“मॅडम, सर आमच्या वर्गावर काऊन नाई आले?”

मी म्हटलं, “तुम्हाला उत्तरं कोणी सांगून ठेवली होती, ते आधी सांग.”

ती घाबरली नाही. तिनं खिशातून चार घड्या केलेला कागद काढला. त्यावर ‘वारे’ पाठाचे प्रश्न क्रमानं लिहिलेले होते. अक्षर माझ्या ओळखीचं होतं, त्याच्या जोडीचं. उत्तरं एकाही प्रश्नाची नव्हती.

“उत्तरं सरांनीच शिकवली, कालच्या तासाले. आम्हाले सगळं येते,” ती म्हणाली. “हा कागद सरांसाठी आहे. तुम्ही बसल्या की सर अटकतात. ते अटकले का मी पुढचं बोलायचं, म्हणजे त्यांले समजते का आता हे विचारायचं. आमचं वर्गात ठरलं होतं. मातीच्या वक्तीही मीच बोलली होती.”

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. चाळीस पोरांनी मिळून एका मोठ्या माणसाचा हात धरला होता, आणि मी त्याला पढवलेला वर्ग म्हणत होते. मला लाज वाटली. कानापर्यंत गरम झाल्याचं मला आठवतं. आणि तरी, माझा स्वभाव बघा, त्याच क्षणी मनात आलं की ही पोरगी एवढं स्वच्छ बोलते म्हणजे तिला हेही शिकवून ठेवलं असेल.

मी त्याच्या जोडीला गाठलं. ती शाळेच्या पायरीवर बसून डबा न उघडता हातात धरून होती. कागद दाखवला, तर तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, “हो मॅडम, मीच लिहिला.”

“याला फसवणूक म्हणतात.”

“असेल,” ती म्हणाली. “माह्या पत्रावर लिहा तसं. पण भाऊंले शिकवता येते. तुम्ही काल भिंतीजवळ उभ्या होत्या ना? मी दाराशी बसली होती, मले तुमच्या चपला दिसल्या, पोट्ट्यांच्या चपलांच्या बाजूले. तुम्ही ऐकलं. मंग तुम्हीच सांगा, येते का नाई?”

मी कागदाची घडी घातली. मी विचारलं, माझ्याकडे का आला नाहीत. ती म्हणाली, “तुम्ही म्हटलं असतं, हे बहाणे आहेत.” खरंच म्हटलं असतं. शब्दसुद्धा तेच वापरले असते.

तो मागच्या नळाजवळ बसला होता. तोंड धुतलेलं, शर्टाची बाही ओली. मला पाहून उठला. मी म्हटलं, बसा. यादी सोमवारी जाणार होती. मी म्हटलं, उद्या शनिवारी सकाळची शाळा आहे, पुन्हा एक पाठ घ्या.

“नाई मॅडम.”

“वर्ग अ देते.”

“वर्गाचं नाई.” त्यानं मान वर केली नाही. “दुकानात दहा वर्षं शंभर माणसांशी बोललो, कधी अटकलो नाई. पोरांशीही नाई अटकत. तुम्ही मागं बसल्या का तो लाल पेन दिसते, अन् मंग दुसरं काहीच दिसत नाई. मागच्या वर्षीही असंच झालतं. फाईलीत तब्येत लिहिलं मी. दुसरं काय लिहू? का मी भेतो म्हणून?” मग थोडं थांबून म्हणाला, “बायकोले सांगून आलो होतो, या वर्षी होऊन जाते म्हणून.”

मी विचार न करता बोलून गेले. म्हटलं, “मी वर्गात येणार नाही. तुमची जोडी बसेल, ती पत्र भरेल, आणि तिच्या पत्रावर मी सही करीन.”

त्यानं मान वर केली. “न पाहता?”

“न पाहता.”

बोलले तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. नियमात ते बसत नव्हतं, मार्गदर्शकानं पाठाला हजर राहायला हवं. पण नियमापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा त्रास झाला. स्कूटीवरून घरी जाताना, नालवाडीचा रस्ताही ओलांडला नव्हता, तोच डोक्यात सुरू झालं. दोघांनी मिळून पाठ घेतलाच नाही तर? ती काहीही लिहून आणेल. एवढे दिवस ती त्याला सांभाळते आहे, आता का नाही सांभाळणार?

शनिवारी मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसले. तिथून सातवी ब दिसत नाही, मध्ये मैदान आहे. वर्ग त्यानं स्वतःच ब मागून घेतला होता. मी चहा घेतला, तो निवला. मुख्याध्यापिका हजेरीपटावर सह्या करता करता म्हणाल्या, “जाऊन बघा ना, एवढा जीव वरखाली होतो आहे तर.” मी म्हटलं, शब्द दिला आहे. दोनदा खुर्चीतून उठले आणि दोनदा बसले.

घंटा झाल्यावर ती पत्र घेऊन आली. आमच्याकडे ही पत्रं सगळ्यांची सारखीच असतात. आवाज स्पष्ट, फळ्याचा वापर योग्य, वर्ग नियंत्रण उत्तम. कोणी कोणाचं वाईट लिहीत नाही. तिनं लिहिलं होतं: “विषय भरती-ओहोटी. सुरुवातीला बोलले नाही, मी मिनिट मोजलं, दीड मिनिट झालं. मग एका मुलानं समुद्र वर्ध्यापासून किती दूर आहे असं विचारलं, तिथून सुरू झाले. तीन मुलांना सूर्य, पृथ्वी, चंद्र केलं. चंद्र बाकाला अडखळून पडला, त्यात वेळ गेला. शेवटचा मुद्दा राहिला. फळा नीट पुसला नाही. मुलांना समजलं.”

“ठेवा,” मी म्हटलं, “सोमवारी सही करते.” तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

ती फाटकाबाहेर गेल्याचं खिडकीतून पाहून मी उठले. मी मैदान ओलांडून सरळ सातवी ब मध्ये गेले आणि पोरांना विचारलं, आज सरांनी काय शिकवलं? जोरजोरात सांगायला लागली. एक जाडसर मुलगा पुढे आला आणि गुडघ्यावरचं खरचटलेलं दाखवून म्हणाला, “मॅडम, मी चंद्र होतो. हा पृथ्वी होता, पण हा नीट फिरूनच नाई राह्यला, म्हणून मी पडलो.” पृथ्वीचं म्हणणं वेगळं होतं. मी त्यांना भरती केव्हा येते ते विचारलं. त्यांनी सांगितलं. उलटसुलट करून विचारलं, तरी सांगितलं. मग दोघांच्या वह्या पाहिल्या. एवढं सगळं झाल्यावर वर्गाबाहेर येऊन व्हरांड्यातल्या कठड्यावर पत्र ठेवलं आणि सही केली.

सोमवारी त्याचं नाव यादीत गेलं. शाळाही त्याच्या गावापासून जवळची मिळाली.

त्या दुपारी ती स्टाफरूममध्ये आली. मी एकटीच होते. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, “बघा, मी तुमच्या शब्दावर सही केली.”

“नाई मॅडम,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तुम्ही वर्गात जाऊन विचारून आल्या. मी डबा विसरली होती, तो घ्यायले वापस आली, तं तुम्ही पोट्ट्यांच्या वह्या पाहून राह्यल्या होत्या.”

बावीस वर्षं मी मुलांना असंच पकडत आले. पकडल्यावर ती कशी जमिनीकडे बघतात, ते मला ठाऊक होतं. मी टेबलाकडे बघत राहिले. म्हटलं, “चुकलं माझं.”

“त्याचं काई नाई,” ती म्हणाली. “फक्त भाऊंले सांगू नका. त्यांले वाटते तुम्ही न पाहता सही केली. बायकोले फोनवर तेच सांगून राह्यले होते, दोनदा सांगितलं. ते त्याच्यावरच उभे आहेत मॅडम. ते काढू नका.”

ती गेल्यावर मी उठून स्टाफरूमचं दार लावून घेतलं. मला कोणी बघायला नको होतं.

शाळेवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तो कॉलेजात आंतरवासितेचं पत्र घ्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट, ते चावत होते, हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं. माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी म्हटलं, काही अडचण आली तर फोन करा. तो हो म्हणाला, पण जाईना.

“मॅडम, एक विचारू? राग नाई ना येणार?”

“विचारा.”

“तुम्ही खरंच नाई पाहिला पाठ? कोणाले विचारलंही नाई? पोरांले, हेडबाईले, कोणालेच?”

त्याच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलं. बत्तीस वर्षांच्या माणसाचा चेहरा एवढा उघडा मी कधी पाहिला नव्हता. मी खोटं बोलणाऱ्यांना डोळ्यांवरून ओळखते, असं मी दरवर्षी पहिल्याच दिवशी नव्या बॅचला सांगते. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, “कोणालाच नाही.”

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. वाकून नमस्कार केला, मी नको नको म्हणत असतानाही केला, आणि तो गेला. माझ्या शब्दाबद्दल त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती.